बद्रीनाथच्या खोलीचं दार

बद्रीनाथच्या खोलीचं दार मीच काढायला लावलं, तेही चहा पिता पिता, गमतीगमतीत.

औरंगपुऱ्यातलं आमचं ऑफिस कारखान्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढून देतं. हॉलमध्ये एकच लांब टेबल. माणसं एकत्र बसली की काम पळतं, असं मालक तात्यासाहेबांचं मत. बद्रीनाथ तेवढा मागच्या खोलीत, दार लावून. खुलताबादकडचा, मेंढपाळाच्या घरातला, बोलायला कंजूष. अशा माणसाचा संशय येणारच की!

"तात्यासाहेब, बद्री आत फोनवर बाहेरच्या कुणाला तरी आपली मापं सांगतो," मी म्हणालो. "होल बारा, कडेपासून साडेतीन. ह्या कानांनी ऐकलंय."

तात्यासाहेबांनी कप खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत दार बिजागऱ्यांतून बाहेर. "आता बोल म्हणावं!"

बद्री गप्पच झाला. नुसते ओठ हलायचे. आमचं सगळं लक्ष त्या ओठांवर. आठवड्यात कारखान्यातून एक ड्रॉइंग परत आलं, होल उलट्या बाजूला.

"अजून एक आलं," तात्यासाहेब म्हणाले, "तर सरळ घरचा रस्ता धरायचा."

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला खाली गेले. मी विसरलेला डबा न्यायला वर आलो, तर आतून आवाज: होल बारा, कडेपासून साडेतीन. आता सापडला! पण त्याचा फोन हॉलमध्ये, माझ्याच जागेसमोर चार्जिंगला. रोज तिथंच असायचा.

"कुणाशी बोलतो रं?"

बद्री दचकला. "मेंढरांशी," म्हणाला. "मेंढरं वाड्यात घेताना बाप एकेकीच्या पाठीला हात लावून मोठ्यानं मोजायचा. मधी कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. मला बी तसंच लागतं. मनातल्या मनात जमत नाय."

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर पहिला तूच हसला असता."

मी हसणं आवरलं. "तात्यासाहेबांशी मी बोलतो. दार बसवून देतो."

"तू?" त्यानं बाहेर येऊन फोन उचलला, स्क्रीन नीट निरखली, आणि खिशात घातला.

तेव्हापासून फोन माझ्या जागेसमोर नसतो. तात्यासाहेबांना खरं सांगायचं, तर आधी मी काय ऐकलं नि पदरचं काय लावलं तेही सांगावं लागणार. सांगू, निवांत वेळ बघून. दार माझ्या खुर्चीमागं भिंतीला टेकून आहे. बिजागऱ्या माझ्या ड्रॉवरमध्ये. स्टेपलरसाठी ड्रॉवर ओढला की त्या खडखडतात, आणि आतल्या खोलीत बद्रीचे ओठ थांबतात. माझ्याकडं एकदा बघतो, आणि पुन्हा पहिल्यापासून.