नळीवाले नाना

कुणाच्याही गाडीत बसण्यापूर्वी आमच्या शेजारचे नाना गुडघे टेकून गाडीखाली डोकावायचे. एसीचं पाणी ठिबकताना दिसलं, की गुडघे झटकत उठायचे आणि म्हणायचे, "पडतंय. बसा आता." सुट्टीत अंबरनाथला माझ्याकडे आलात की तुम्हीही त्यांच्याशेजारी ओणवे व्हायचात. 'नळीवाले नाना' हे नाव तुम्हीच ठेवलेलं. गेल्या महिन्यात नाना गेले. ते असं का करायचे, हे तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

बदलापूर गावातल्या एका लग्नात त्यांनी इस्त्रीच्या झब्ब्यात नवरदेवाच्या फुलं लावलेल्या गाडीपुढे गुडघे टेकले होते. मुलाचे वडील ओरडले, "काय नाना, वरबाप इकडे उभा आहे, टायरच्या काय पाया पडताय?" नाना खालूनच म्हणाले, "वरबापाचं लीकेज बाहेरून दिसत नाही ना!"

नाना कारखान्यात मेंटेनन्सचे साहेब होते. "अर्धवट काम म्हणजे उद्याचं काम," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खिडकीच्या गजांना रंग लावायचा असला तरी शेजारी उभे राहून राहिलेली जागा बोटाने दाखवायचे.

माई म्हणजे नानांच्या पत्नी. मधुमेहाने त्यांच्या पावलांची संवेदना गेली होती. त्यातच उजव्या पायाच्या बोटाला जखम झाली. उल्हासनगरचे डॉक्टर म्हणाले, "जखम कोरडी ठेवा. चिघळली तर बोट काढावं लागेल." नाना रोज जुन्या मऊ पंच्याने माईंच्या बोटांच्या बेचक्या टिपायचे आणि एक दिवसाआड त्यांना स्वतःच्या गाडीने ड्रेसिंगला न्यायचे. तरी दवाखान्यात पोचेपर्यंत पट्टी ओलसर झालेली असायची.

"मोरीत पाय घातलास ना पुन्हा?" नाना चिडायचे.

"अहो, मला पाय आहेत हेसुद्धा तुम्ही सांगता तेव्हा कळतं," माई म्हणायच्या. "ओले की कोरडे, मी काय सांगू?"

एकदा मी सोबत गेले. माईंना मागे पाय लांब करून बसवलं आणि त्यांच्या नेहमीच्या जागी, पुढे, मी बसले. अंबरनाथ सोडेपर्यंत काही जाणवलं नाही. मग चप्पल काढून पाय टेकले, तर मॅटखालून गार पाणी वर आलं. मी नानांना सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, मॅटवर हात दाबला आणि कितीतरी वेळ तो तसाच ठेवला.

माईंना दवाखान्यात बसवून आम्ही जवळच्या गॅरेजमध्ये गेलो. मालक सिंधी होता. गाडी वर चढवून तो म्हणाला, "साईं, एसी का पानी जिस नली से निकलता है, उसका मुंह ही बंद है, तो पानी अंदर गिरता है. ये काला रंग किसने मारा?"

पावसाळ्यापूर्वी गंज लागू नये म्हणून नानांनी गाडीला खालून रंग मारून घेतला होता. अर्थात, शेजारी उभं राहून.

मालकाने तार घालून नळीचं तोंड मोकळं केलं. गढूळ पाणी भस्सकन नानांच्या बुटांवर पडलं. ते बाजूला झाले नाहीत. मला म्हणाले, "रंग मारणारा पोरगा ती जागा सोडून पुढे गेला होता. मीच म्हटलं, इथं राहिलं, इथंही मार."

तोवर उशीर झाला होता. पाय वाचला, बोट मात्र काढावं लागलं. ऑपरेशननंतर माई शुद्धीवर आल्या तेव्हा मी खोलीतच होते. नानांनी त्यांना सगळं सांगितलं, रंगाचंसुद्धा. माईंनी डोळे मिटून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "इतके दिवस मला ओरडलात. आता घरी चला, मग माझी पाळी."

पुढे माईंनी त्यांना त्यावरून एका शब्दानेही कधी सुनावलं नाही. नाना मात्र शेवटपर्यंत त्या पाळीची वाट पाहत राहिले, असं मला वाटतं.