वृंदावनातला सब्जा

आसिफचा फोन आला तेव्हा मी पूजेसाठी जास्वंद तोडत होते. "काकू, अम्मी गेली पहाटे. दुपारच्या नमाजानंतर नेऊ," एवढंच बोलला तो. बोलत होता अकोल्याहून, पण मला वाटलं भिंतीपलीकडूनच बोलतोय... अमरावतीत, राजापेठेतल्या आमच्या घराची आणि त्याच्या आईची, रशिदाभाभीची, अंगणातली भिंत एकच. मुलाने अकोल्यात दुकान टाकलं आणि ती तिकडे गेली. त्याआधीची सगळी वर्षं आमचा अर्धा संसार त्या भिंतीवरूनच चालला. वाटीभर साखर, शिरखुर्मा, चकल्या, अगदी भांडणंसुद्धा.

तिच्या अंगणात सब्जा होता, दिसायला तुळशीसारखाच. आपण त्याचं बी फालुद्यात घालतो. तिच्याकडे त्याच्या डहाळ्या कबरीवर वाहतात. येता-जाता ती एक डिरी खुडायची आणि कानामागे खोचायची. ती आली की आधी वास यायचा, मग आवाज. आणि आवाज काही लहान नव्हता.

एका थंडीत आमची तुळस वाळली. सासूबाई फार हिरमुसल्या. पुढे वृंदावनात आपोआप एक रोप उगवलं, तेव्हा देवच पावला म्हणून त्यांनी त्याला रोज पाणी घातलं, दिवा लावला, प्रदक्षिणा घातल्या. रोप उंच झालं, पांढऱ्या मंजिऱ्या आल्या, आणि एक दिवस रशिदाभाभी भिंतीवरून डोकावून पोट धरून हसली. "अवो मावशी, हा तं आमचा सब्जा हाय! वाऱ्यानं बी उडालं असन. कबरीवरच्या झाडाले तुमी कुंकू लावून राह्यल्या!" बोलून गेली आणि तिनेच जीभ चावली. सासूबाई सोवळ्याच्या कडक, एकादशीला तुळशीच्या पानाला कुणाला बोटही लावू न देणाऱ्या. आता हा शेजार तुटतो की काय, असं वाटलं. त्यांनी वाकून रोपाचं एक पान खुडलं आणि हुंगलं. "इतके दिस पानी घातलं त्याले," त्या म्हणाल्या, "आता उपटू काहून?" मग त्याच्याच शेजारी त्यांनी तुळस लावली. तेव्हापासून दोन्ही एकाच मातीत वाढली, दरवर्षी आपापलं बी सांडत.

अकोल्याला जाताना रशिदाभाभीने माझा हात धरला होता. "सुनंदा, मी मेली का बाजारातला सब्जा नोको. इथलाच आनजो. तो मले ओळखते." मी तिच्यावर रागावले, पण हो म्हटलं.

आणि फोन आला तो नेमका एकादशीला! बस गाठायची होती आणि मी वृंदावनापुढे नुसती उभी. फांद्या अशा गुंतलेल्या, की सब्जा तोडायचा तर तुळस मोडणार. सासूबाई आता थकल्यात, डोळे अधू झालेत. काठी टेकत आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी काठी भिंतीला लावली, चाचपडत दोन्ही हातांनी फांद्या धरल्या आणि मोडल्या. "आई, तुळस येतेय त्यात..." मी म्हटलं. "येऊ दे. रशिदाले एकटीनं राहाची सवय नाई." एवढं बोलून त्या पायरीवर बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या.

ओल्या फडक्यातली ती जुडी मी बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. वेळेत पोचले, भाभीचा चेहरा पाहायला मिळाला. बायका कबरस्तानात जात नाहीत, म्हणून जुडी आसिफच्या हाती दिली. तो परतला तेव्हा नखांत माती होती. "काकू, तुळस पन होती त्यात," तो हळूच म्हणाला. "मी नाई काढली वेगळी."

परवा तुळशीच्या लग्नासाठी वृंदावन गेरूने रंगवायला घेतलं. बुडाशी इवली इवली रोपं उगवली होती. सासूबाई जवळ येऊन बसल्या. "यातली रशिदाची कोनती वं?" मी वाकून पाहिलं. सगळी दोन-दोन पानांची, सारखीच. "आई, आत्ताच नाही सांगता येणार."

"मंग नोको सांगू," त्या म्हणाल्या. "साऱ्याइले पानी घाल."