माझ्या नावाचं वॉरंट

आधी चहा संपवा. मी सांगायला लागलो की तुम्ही हसणार, आणि चहा नाकात जाणार. मेधाच्या एका मैत्रिणीचा गेला होता! मेधा म्हणजे माझी बायको. तिनं हा प्रकार इतक्या जणांना तिखटमीठ लावून सांगितलाय की म्हटलं, खरं काय घडलं ते आता आपणच सांगून टाकावं.

तर मंडळी, माझ्या नावानं कोर्टाचं वॉरंट निघालं होतं.

माझ्या! सिंगापुरात बारा वर्षं राहून ज्यानं सिग्नलचा हिरवा माणूस दिसल्याशिवाय कधी रस्ता ओलांडला नाही, त्या माझ्या! हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत करारनामे तपासणं हे माझं काम. ऐंशी-ऐंशी पानांचे कागद, पण त्यातला एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी मला वास येतो. हाताखालच्या पोरांना माझा एकच उपदेश असतो, "वाचल्याशिवाय सही नाही!"

एका शनिवारी सकाळी गावाहून बबनचा फोन आला. बबन माझा चुलतभाऊ, तिकडे शेती बघतो.

"विनू, बसलायस का?"

"बसलोय. का रे?"

"मग उठू नको. पोलीस आलावता. तुझ्या नावाचं वॉरंट घेऊन."

"दुसरा कोणी असेल."

"नाव तुझं, बापाचं नाव काकांचं, आडनाव आपलं. आजून किती जुळाय पाहिजे?"

"अरे पण कशाबद्दल?"

"ती तात्यांची मोटर!"

मोटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गाडी आली ना? तीच तर गंमत. ही विहिरीवरची पाण्याची मोटर. चार वर्षांपूर्वी मी सुट्टीत गावी गेलो होतो, तेव्हा आमच्या शेजारच्या जगताप तात्यांची मोटर चोरीला गेली. पोलिसांनी एकाला पकडलं. तो म्हणाला, लपवलेली जागा दाखवतो. आता अशा वेळी सोबत दोन पंच लागतात. मी स्टँडवर भजी खात उभा होतो. फौजदारांनी विचारलं, "साहेब, पंच म्हणून येता का?"

साहेब म्हणाले आणि वर पंच! मी भज्यांचा पुडा तिथेच ठेवला आणि जीपमध्ये चढलो. त्या माणसानं उसाच्या फडातून मोटर काढून दिली. हवालदार बांधावर बसून पंचनामा लिहायला लागले.

"राहणार?"

"सिंगापूर!" मी छाती काढून सांगितलं.

"करा सही."

केली. आठ दिवसांनी विमानात बसलो आणि मोटर, ऊस, पंचनामा सगळं विसरलो.

बबननं खटल्याचा नंबर दिला, तो मी कोर्टाच्या वेबसाइटवर टाकला. गेल्या तारखेपुढे लिहिलं होतं, 'साक्षीदार क्र. ३ पुन्हा गैरहजर. वॉरंट काढावे.' पुन्हा! म्हणजे मी नुसता गैरहजर नव्हतो, सराईत गैरहजर होतो!

आमची ईरा खांद्यावरून वाचत होती. वय वर्षं चौदा. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इथल्या सिंगापुरी इंग्रजीत.

"पपा, यू आर वाँटेड, आह?"

"वाँटेड नाही गं. एक छोटी तांत्रिक बाब आहे."

तिनं लगेच फोनवर शोधलं. "बेंच वॉरंट, लाह! मीन्स पोलीस नॉट अँग्री. जज अँग्री."

"कुणी घाबरायचं नाही," मी म्हणालो. खरं तर घाबरलेलं कुणीच नव्हतं. मेधा शांतपणे तोंडली चिरत होती. "आमच्या क्षेत्रात एक नियम आहे. कुणी शोधायच्या आत आपण होऊन सांगायचं. मी आत्ता पोलिसांसमोर हजर होतो."

"कुठल्या पोलिसांसमोर?"

"इथल्या. माझा कामाचा पास इथला आहे. दोन देशांचे संबंध असतात, याद्या असतात. तुला नाही कळायचं."

मी पिशवीत दोन शर्ट, टूथब्रश आणि रक्तदाबाच्या गोळ्या भरल्या. मेधानं तोंडल्यातून मान वर न करता विचारलं, "दशम्या देऊ का बरोबर?"

आमच्या ब्लॉकपासून पाच मिनिटांवर पोलीस पोस्ट आहे. काउंटरवर एक तरुण अधिकारी होता. मी पिशवी खाली ठेवली, पासपोर्ट पुढे केला आणि इंग्रजीत घोषणा केली, की माझ्यावर वॉरंट आहे आणि मी स्वेच्छेनं शरण येत आहे.

तो ताडकन उभा राहिला. कॉम्प्युटरवर बघितलं. परत बघितलं.

"सर, नथिंग हिअर. व्हॉट केस?"

"मोटर थेफ्ट."

"यू स्टोल अ कार?"

"नो, नो! वॉटर मोटर. फ्रॉम अ वेल. अँड आय डिडन्ट स्टील. आय सॉ द मोटर कमिंग आउट ऑफ शुगरकेन."

त्यानं माझ्याकडे, मग पिशवीतून डोकावणाऱ्या टूथब्रशकडे बघितलं. आवाज एकदम मऊ झाला.

"धिस वन इंडिया कोर्ट, इज इट? वी कॅनॉट हेल्प, अंकल. यू गो होम, ड्रिंक वॉटर, कॉल लॉयर. ओके?"

वॉरंटपेक्षा ते 'अंकल' जास्त लागलं, सांगतो तुम्हाला!

मग बबननं तालुक्यातल्या शेलार वकीलबाई गाठून दिल्या. मी त्यांना चार पानी मेल पाठवला होता, मुद्देनिहाय. त्यांनी तो वाचला की नाही देव जाणे. फोनवर म्हणाल्या, "अहो, जामीनपात्र वॉरंट आहे, फाशीचं नाही. साक्षीदारानं यावं म्हणून काढतात. रद्द करायचा अर्ज देऊ. पण मला एक सांगा, तुम्ही तीन समन्सं का घेतली नाहीत?"

"एकही मिळालं नाही! कोर्टाची ही ढिलाई मी लेखी मांडणार आहे."

"मांडू नका," बाई म्हणाल्या. "पंचनाम्याची नक्कल पाठवते. तुमचा पत्ता वाचा."

नक्कल आली. माझं नाव अगदी शुद्ध. पुढे स्वच्छ अक्षरात, 'राहणार शिंगणापूर'. आणि त्याखाली माझी लफ्फेदार सही!

तिन्ही समन्सं बिचारी शिंगणापूरला जाऊन आली होती. प्रत्येकावर शेरा, 'या नावाचा इसम येथे राहत नाही.' जिथं घरांना दारं नसतात म्हणतात, तिथंसुद्धा पोलिसांना मी सापडलो नाही! शेवटी दुसऱ्या पंचानं सांगितलं, की तो तर बबनचा भाऊ, म्हणून वॉरंट बबनच्या दारी.

मेधानं नक्कल हातात घेतली, वाचली आणि एवढंच विचारलं, "पोरांना काय शिकवतोस रे तू ऑफिसात?"

असो. अर्ज मंजूर झाला, वॉरंट रद्द झालं आणि साक्ष व्हिडिओवरून द्यायची परवानगी मिळाली. इथल्या वकिलातीतल्या एका खोलीत, तिथल्या अधिकाऱ्यांसमोर. म्हटलं, आता बघाच! मी सूट घातला. पंचनामा तोंडपाठ केला. ईरानं सरकारी वकील होऊन माझी तीनदा तालीम घेतली.

स्क्रीनवर कोर्ट दिसलं. माणसं काडेपेटीतल्या काड्यांएवढी. मी धडाधड उत्तरं दिली. तारीख, वेळ, फड, मोटरीचा रंग. सरकारी वकील खूश. न्यायाधीशांनीही एकदा मान डोलावलेली मी पाहिली. मग शेवटचा प्रश्न आला.

"मोटर काढून देणारा इसम आज कोर्टात हजर आहे का?"

कुणीतरी कॅमेरा जवळ नेला, तर मागच्या बाकावर दोघं शेजारी बसले होते. एक तुळतुळीत दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हात जोडून. दुसरा दाढी वाढलेला, डोळे लाल, शर्टाचं बटण तुटलेलं, सारखा चुळबुळ करणारा. आता तुम्हीच सांगा, तुम्ही कुणाकडे बोट दाखवलं असतं?

"हजर आहे," मी खणखणीत म्हणालो. "मागच्या बाकावरचा, दाढीवाला."

सरकारी वकिलांनी डोळे मिटले.

"साक्षीदार, नीट पाहून सांगा," न्यायाधीश म्हणाले. "तुमची खात्री आहे?"

"शंभर टक्के! चेहऱ्यावरच दिसतंय, सर."

दाढीवाला उसळून उभा राहिला. "आरं, माझीच मोटर आन् मीच चोर व्हय रं?"

आवाज ऐकला आणि ओळखला. जगताप तात्या! चार वर्षं तारखांना खेटे घालून माणूस इतका खंगला होता, की मी शेजाऱ्याला ओळखलं नाही. मी "सर, सर, दुरुस्ती!" म्हणून ओरडलो, पण आता आपली पाळी आल्यासारखे आरोपीचे वकील उठले आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "उलटतपास नाही. या साक्षीदारावर आमचा पूर्ण विश्वास आहे."

खटल्याचा निकाल काय लागला ते सांगायला नकोच. माणूस सुटला. त्यातल्या त्यात एवढंच बरं, की मोटर तात्यांना पहिल्याच वर्षी परत मिळाली होती आणि विहिरीवर चालू होती.

साक्ष झाली त्याच संध्याकाळी मी तात्यांना फोन केला होता. "तात्या, चुकलो. माफ करा."

मग तात्या म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. पर खरं सांग विनू, माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं रं तुला?"

निकालानंतर चार दिवसांनी परत बबनचा फोन. मी आधीच खाली बसलो.

"विनू, तो सुटलेला गडी घरी आलावता. पेढे घेऊन."

"पेढे? आपल्याकडे कशाला?"

"तुझा नंबर मागतोय. त्याच्यावर आजून दोन केसी हायत. विच्यारत व्हता, शिंगापूरचं सायब तितंबी साक्षीला येत्याल का?"