धुतलेले हात

“पाणी! अरे, पाणी घेऊन आले मशीनजवळ! मागं हटा समदे, बिलकुल मागं हटा!” हेडसर असे ओरडले की तीर्थपुरीच्या बाजारात बैलांनी दावी तोडली असती. त्यांच्या खोलीच्या दारात चौथीचा अख्खा वर्ग उभा होता. कोपरापर्यंत धुतलेले हात, बोटांवरून गळणारे थेंब... आणि सगळ्यांच्या पुढं, स्वतःचेही ओले हात वर धरून, सोपान गुरुजी. दरोडेखोरांनी वाटेत अडवलेलं वऱ्हाड दिसावं, तसं ते दिसत होतं.

महिन्याभरापूर्वी बदनापूरच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो, तिथं एका ओळखीच्या मास्तरानं सांगितलं, “सोपान गुरुजी गेले, सर. शाळेला जाताना बसमध्येच छातीत कळ आल्ती म्हणे.” गेलेल्या माणसाचा आवाज कानात घुमतो असं म्हणतात. माझ्या कानात हेडसरांचं ते ओरडणं घुमलं. आमचा सोपान मेल्यावरसुद्धा त्या माणसानं त्याला आधी बोलू दिलं नाही.

तीर्थपुरीजवळच्या त्या शाळेत आम्ही दोघं एकाच साली रुजू झालो, ऐंशीच्या दशकात. मी वरच्या वर्गांना, तो खालच्या. त्याच्याकडं सामान काय, तर एक ढोलकी. पाढे ढोलकीवर, कविता ढोलकीवर, हजेरीसुद्धा ढोलकीवर. खोटं सांगत नाही, म्हणजे फार सांगत नाही, पण शाळेमागं बांधलेल्या म्हशी त्याच्या ठेक्यावर रवंथ करायच्या, आणि रविवारी शाळा बंद म्हणून त्यांचं दूध आटायचं. पर्यावरण हा विषय पुस्तकात यायच्या कितीतरी आधी त्यानं तो पोरांच्या हातात दिला होता. जेवणाआधी हात धुवायचे ते कडुलिंबाच्या रोपांवरच. हापशाचा एक थेंब वाया गेला तर ढोलकी बंद, ही शिक्षा. छडीला न भिणारी पोरं त्या शिक्षेला भ्यायची. जिथं कुसळ उगवत नव्हतं तिथं लिंबाची सावली पडली, ती पोरांच्या मळक्या हातांची.

मग दोन हजारच्या आसपास शाळेत संगणक आला. टेम्पोतून उतरवताना इतकी गर्दी झाली की तेवढी नवरीला बघायलाही होत नाही. हेडसरांनी त्याला नारळ फोडला, वर तांबडं मखमली फडकं घातलं आणि तो आपल्या खोलीत कोंडला. सोपाननं मात्र जालन्याला जाऊन, कुणाकुणाच्या दुकानात उभं राहून ते यंत्र शिकून घेतलं. त्यानं वर्गाच्या फरशीवर चुन्यानं कीबोर्ड काढला. तो ढोलकी वाजवायचा आणि पोरं ठेक्यावर एकेका अक्षरावर बोट आपटायची. गावातल्या आया तक्रार घेऊन यायच्या, “गुरुजी, हे पोरगं जेवता जेवता ताटावर काय बडवून राह्यलं?” तो सांगायचा, “बाई, नाव लिहून राह्यलंय. लिहू द्या.”

आणि त्यानं चौथीच्या पोरांना शब्द दिला होता. चौथी सुटायच्या आत प्रत्येकानं आपलं नाव त्या खऱ्या पडद्यावर लिहायचं.

हेडसर म्हणाले, “पोरांच्या हाताला माती असती, गुरुजी. तुमच्याच पर्यावरणाची.” म्हणून दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांचे हात धुऊन घेऊन गेला, तेव्हाचं ते ओरडणं. तिसऱ्या दिवशी त्यानं हात धुतलेल्या पोरांना उन्हात उभं केलं, ढोलकी घेतली आणि हात खडखडीत वाळेपर्यंत टाळ्या वाजवून घेतल्या. काय टाळ्या होत्या त्या! शहागडला गोदावरीच्या पुलावर ट्रकवाल्यांनी टायर फुटलं म्हणून गाड्या थांबवल्या असतील. वाळलेले हात घेऊन वरात पुन्हा हेडसरांच्या दारात. हेडसरांनी हात पाहिले, उलटेसुलटे करून पाहिले, आणि म्हणाले, “आज लाईट न्हाई.”

पुढं उभी असलेली चंद्रकला नावाची चिमुरडी वर बघून म्हणाली, “सर, पंखा फिरून राह्यलाय की.”

हेडसर उठले. पंख्याचं बटण बंद केलं. पातं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, “आता?”

मी हसलो होतो तेव्हा. सोपान हसला नाही. तो पोरांना घेऊन वर्गात गेला. शेवटच्या दिवसापर्यंत त्यानं रोज हात धुऊन घेतले, रोज वाळवले, आणि रोज नवं कारण ऐकलं. चौथी सुटली त्या दिवशी पोरांनी आपापली नावं फरशीवरच वाजवली. ढोलकी अशी वाजत होती की बस्स... पण फरशीवर काय उमटणार? उन्हाळ्यात त्याची बदली झाली. शहागडच्याही पलीकडं, दोन बस बदलून जायचं गाव. तक्रार होती म्हणे, शाळेच्या मालमत्तेला धोका. ज्या माणसानं उजाड माळावर सावली केली, तो मालमत्तेला धोका! तिथं संगणक नव्हता, वीजही नव्हती. त्यानं तिथल्याही फरशीवर चुना ओढला. एवढी वर्षं त्या दोन बसनी त्याला कुटला, आणि शेवटी त्यातल्याच एकीत तो गेला.

मागच्या आठवड्यात आमच्या जुन्या शाळेत शोकसभा झाली. हेडसर तेच, आता निवृत्तीला टेकलेले. पोरं रांगेत बसली होती. व्हरांड्यातल्या टेबलावर संगणक आणून ठेवला होता, खोलीबाहेर पहिल्यांदाच, त्या फडक्यासकट. त्याला टेकवून सोपानचा फोटो. हेडसर गहिवरून बोलले. “गुरुजींचा या यंत्रावर फार जीव होता,” म्हणाले, आणि डोळेही पुसले. ते खरोखर ओले होते, हे मी जवळून पाहिलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

सभा संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. म्हणालो, “हेडसर, लाईट आहे. पोरं समोर बसलेलीच आहेत. आता तरी काढा ते फडकं. एकेकाला नाव लिहू द्या.”

त्यांनी पोरांकडं पाहिलं, टेबलाकडं पाहिलं.

“मंग फोटो कुठं ठेवायचा?”