ऐक, पाहा, गप्प राहा

माझा नवरा फ्रीमेसन झाला, त्या गुप्त मंडळाचा सभासद, हे मला शिंप्याकडून कळलं. नवा काळा सूट घेऊन तो दारात उभा होता. "वकीलसाहेबांना आजच पाहिजे. जादूघरात जायचंय म्हणाले." नगरच्या कॅम्पातल्या त्यांच्या कायम बंद खिडक्यांच्या सभागृहाला, म्हणजे लॉजला, सगळे जादूघरच म्हणत.

मग घरातल्या त्याच्या ऑफिसात एक तसबीर लागली. गुण्या, कंपास, किरणं फुटलेला डोळा आणि खाली तीन लॅटिन शब्द. आउदी, विदे, ताचे. मी अर्थ विचारला.

"ते बायकांना सांगत नसतात," तो म्हणाला. हसत म्हणाला असता तर मी विसरूनही गेले असते.

मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. तिथे इंग्रजीला एक म्हातारे कॅथलिक फादर होते. त्यांना शब्द दाखवले.

"ऐक, पाहा, गप्प राहा," त्यांनी सांगितलं. "गुण्या म्हणजे वागणं सरळ ठेवा. कंपास म्हणजे मनाला मर्यादा घाला. डोळा देवाचा. आमच्या चर्चला ही मंडळी पसंत नाहीत बाई, पण यात वाईट काही नाही."

मला मात्र ती तसबीर डोळ्यांसमोर नको झाली. गप्प राहा, हे त्या घरात मला लॅटिनशिवायच सांगितलं जात होतं.

त्यानंतर दुष्काळ पडला. पाथर्डीकडच्या रस्त्याच्या कामावर सुरुंगाचा दगड लागून एका बाईचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कुबड्या घेऊन ती नवऱ्याबरोबर आमच्याकडे आली.

"शिट्टी न्हाई, हाळी न्हाई. आमी खडी फोडीत हुतो, आन एकदम बार उडाला," ती म्हणाली.

माझा नवरा लिहून घेत होता. तिने सुरुंगाच्या ठेकेदाराचं नाव सांगितलं आणि त्याने पेनाला टोपण लावलं. ठेकेदार लॉजमधला होता, आमच्याकडे नेहमी येई.

"मला वेळ नाही. दुसरा वकील बघा."

ती दोघं फाटकापर्यंत गेली. त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मी तांब्या घेऊन मागे धावले आणि त्यांचा पत्ता विचारून घेतला.

त्याच आठवड्यात ठेकेदार आला. मी चहा ठेवत असताना तो नवऱ्याला म्हणाला, "शिट्टीला माणूस ठेवलाच नव्हता हो. एवढ्या कामांना कुठे पुरणार?" मी खोलीत आहे याची त्याला फिकीर नव्हती. माझा नवरा बशीकडे बघत राहिला.

तो गेल्यावर मी विचारलं, "याला वाचवायची शपथ घेतलीय का तुम्ही?"

"नाही. गुन्हा लपवा असं आमच्यात कुठेही नाही. उलटंच आहे."

"मग?"

"मला दर महिन्याला त्याच्यासमोर बसायचं असतं."

शपथ आड आली असती तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. ती तसबीर, तो डोळा, तो गुण्या, सगळं असून शेवटी हा फक्त समोरच्या खुर्चीला घाबरत होता. तोंडावर मी 'अहो'च म्हणत राहिले. मनातल्या मनात अरे-तुरे तेव्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून मी पाथर्डीची एस.टी. धरली. त्या बाईला घेऊन नगरच्या दुसऱ्या वकिलाकडे गेले आणि जे कानांनी ऐकलं ते सांगितलं.

"कोर्टात सांगाल? नवरा वकील आहे तुमचा."

"सांगेन."

सांगितलं. त्या दिवशी माझा नवरा कोर्टात आलाच नाही. ठेकेदाराच्या वकिलाने विचारलं, नवऱ्याशी तुमचं पटत नाही ना? मी म्हटलं, नाही पटत, पण शिट्टी वाजली नव्हती. निकालाला फार वेळ लागला, पण ठेकेदाराला भरपाई द्यावी लागली. ती बाई पुढे मला भेटली नाही.

आम्ही त्याच घरात राहिलो. जेवायला वाढलंय, पाणी आलंय, एवढंच बोलत. तो लॉजात वरच्या पदाला चढला.

बऱ्याच वर्षांनी तो गेला, तेव्हा पांढरे हातमोजे घातलेली लॉजमधली माणसं आली. त्यांनी त्याच्यावर एकेक हिरवी डहाळी ठेवली. त्यांच्यातला वयस्कर गृहस्थ जवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, याचा अर्थ असा, की..."

"अर्थ राहू द्या," मी म्हटलं. "पुढे व्हा, त्याला न्यायची वेळ झालीय."