काकांनी न पळवलेला सिनेमा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका सिनेमावेडा आणि सिनेमाचे इतके हाल करणारा माणूस शारजातल्या रोल्लापासून बर दुबईपर्यंत दुसरा झाला नसेल. दर शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी त्यांच्या हॉलमध्ये बिल्डिंगमधली मराठी कुटुंबं सतरंजीवर दाटीवाटीनं बसत. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट. ती पिशवी कधी निघाली नाही, कारण रिमोट 'नवा' होता. सिनेमा बहुतेक वेळा इंग्रजी असे, आणि आपल्याखेरीज कोणाला इंग्रजी कळतं यावर काकांचा विश्वास नव्हता. त्यामुळे टीव्हीचा आवाज बारीक करून सगळ्या पात्रांचं ते स्वतःच मराठीत बोलत. पुरुष पात्रं त्यांच्या कंपनीतल्या मॅनेजरसारखी बोलत, म्हणजे वाक्याची सुरुवात 'यल्ला'नं, म्हणजे अरबी 'चला'नं, आणि शेवट 'खलास'नं. बायका मात्र सगळ्या काकूंसारख्या बोलत. काकांनी आयुष्यात लक्ष देऊन ऐकलेली बाई ती एकच, त्याला ते तरी काय करणार? एकदा एक राणी सुळावर जाताना सरदाराला म्हणाली, "निघताना गॅस बंद केलात ना?" सगळा हॉल हसला. काकूही हसल्या. त्यांना आपला अभिमानच वाटायचा.

दुसरी खोड याहून वाईट. पडद्यावर कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं, की काकांचा अंगठा फास्ट फॉरवर्डवर जाई. "इथं काही नाही, नुसतं रडणं आहे." बुडणारी जहाजं आमच्या बिल्डिंगमध्ये कधी बुडली नाहीत, युद्धावर गेलेला मुलगा दोन मिनिटांत घरी येऊन जेवायला बसे. मी एकदा भांडले, तर म्हणाले, "अगं पोरी, आठवडाभर कंपनीच्या स्टोअरमध्ये बसून साइटवरच्या माणसांची रड ऐकतो. शुक्रवारीही तेच?" यावर काय बोलणार?

तरी मी बोलायचे. पुण्यात कॉलेजपासून मी पत्रकं लिहिली, वाटली, चौकात उभं राहून ओरडले. शारजात नोकरीला आले तेव्हा इथं आधीपासून नोकरीला असलेल्या भावानं पहिल्याच दिवशी बजावलं की इथं पत्रक वाटलंस तर परत पाठवतील, आणि माझीही नोकरी जाईल. मग माझा सगळा संताप लिफ्टमध्ये, जिन्यात आणि काकांच्या हॉलमध्ये सांडत असे. काका मला 'क्रांतिकारक बाई' म्हणत. "या, क्रांतिकारक बाई, चप्पल बाहेर काढा, क्रांती आत आणा."

आणि संतापायला कारण त्यांच्याच घरात होतं. काका-काकूंकडे अल्माझ नावाची इथिओपियाची मुलगी राहून काम करायची. काकू तिला 'आमची काळी' म्हणत, तिच्या देखत, हसऱ्या तोंडानं. "तिला कुठं मराठी कळतंय?" तीन वर्षं त्या घरात राहिलेल्या माणसाला आपल्याला नावाऐवजी कोणता शब्द वापरतात हे कळत नसेल? चहाचे कप सगळे एकाच सेटमधले. पण तिच्या कपाच्या बुडाला काकूंनी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलेला. मी विचारलं की काकू म्हणत, "अगं, आम्ही तिला घरच्यासारखंच ठेवतो." हे वाक्य मी आखातात इतक्या घरांत ऐकलंय की आता त्याचा रागही येत नाही, नुसता थकवा येतो.

अल्माझचं स्वतःचं मागणं एकच होतं. तिला शुक्रवारी चर्चला जायचं होतं. इथं रविवार कामाचा दिवस, म्हणून मोठी प्रार्थना शुक्रवारी सकाळी. तिच्या देशाच्या बायका तेवढ्याच वेळी भेटत, आपल्या भाषेत बोलत. पण शुक्रवारी सकाळीच काकांचा सिनेमा, आणि सिनेमा म्हणजे वीसेक माणसांचा चहा आणि वडे. तिनं विचारलं की काकू म्हणत, "अगं, देव काय पळून जातोय? पुढच्या शुक्रवारी जा." काकूंचं हे वाक्य बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ होतं.

शेवटी मी व्हिडिओवाल्याकडून एक कॅसेट शोधून आणली. अमेरिकेतली गोष्ट, जुन्या काळातली. गोऱ्यांच्या घरात काम करणारी एक काळी स्वयंपाकीण, तिनं वाढवलेली पोरं, आणि तिला मागच्या दारानं आत घेणारं ते सज्जन कुटुंब. म्हटलं, पत्रक नाही तर नाही, हे तर बघतील! काकांनी कव्हर उलटसुलट पाहिलं. "यात रडणं किती आहे?"

"भरपूर. आणि एक मिनिटही पळवायचं नाही."

"क्रांतिकारक बाई, मग मी रिमोट धरू कशाला?"

तो शुक्रवार उजाडला. हॉल भरला. बायका सुरुवातीपासूनच हळहळल्या. "काय दुष्ट बाई आहे गं ती मालकीण!" काकूंनी तर पदर डोळ्याला लावला. स्वयंपाकघरात वडे तळल्याचा आवाज येत होता. काकांचा अंगठा दोनदा बटणाकडे गेला, मी दोनदा खाकरले. मग तो प्रसंग आला. ती स्वयंपाकीण हॅट घालून दारात उभी आहे, रविवार आहे, तिला चर्चला जायचंय; आणि मालकीण सांगतेय की आज पाहुणे आहेत. काका नेहमीसारखे सरावानं काकूंच्या आवाजात बोलून गेले, "अगं, देव काय पळून जातोय? पुढच्या रविवारी जा."

हॉल हसला. सवयीनं. आणि मग एकेक हसू थांबत गेलं. आत कढईत आणखी एक घाणा पडला, तो सगळ्यांना ऐकू आला. काकू पडद्याकडेच बघत होत्या, पण पदर खाली आला होता.

काकांनी सिनेमा पळवला नाही. थांबवला. पडद्यावर ती बाई हॅट घालून थरथरत उभी राहिली. काका उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. म्हणाले, "अल्माझ, यल्ला. चर्च. गो."

अल्माझनं त्यांच्याकडे नाही, काकूंकडे पाहिलं. "मॅडम?"

"आणि वडे कोण तळणार?" काकू.

"मी," काका म्हणाले.

अल्माझनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "टुडे फिनिश, सर. चर्च फिनिश."

"नेक्स्ट फ्रायडे," काका म्हणाले.

"इन्शाल्ला," काकू म्हणाल्या. आखातात हा शब्द ऐकला की काम होणार नाही असं धरून चालायचं असतं, हे अल्माझलाही ठाऊक होतं.

पण पुढच्या शुक्रवारी ती पांढरी शाल डोक्यावरून घेऊन जिना उतरताना मी पाहिली. वर काका वडे तळत होते. वडे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे निघाले, चहाला फोडणीचा वास, आणि सिनेमाला बोलणारा माणूसच आत असल्यामुळे आम्हाला पहिल्यांदाच इंग्रजी ऐकावं लागलं. माणसं कमी होत गेली. काकूंनी दोन महिने अबोला धरला, म्हणजे फक्त कामापुरतं बोलल्या. काका मात्र दर शुक्रवारी ओट्यापाशी उभे. कप धुताना त्यांनी तारेच्या घासणीनं असे खसाखसा घासले, की एके दिवशी काकूंना लाल ठिपका सापडेना. सगळे कप उलटे करून पाहिले. अख्खा सेट फेकून द्यायचा, नाहीतर प्यायचं. काकू मुकाट्यानं प्यायल्या.

मी काकांना विचारलं, "मुद्दाम घासलात ना?"

"कसला ठिपका? मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही," ते म्हणाले. चष्मा नाकावरच होता.

बाकी काही बदललं नाही, हे मी स्पष्टच लिहिते. तिचा पासपोर्ट काकूंच्या कपाटातच राहिला. 'काळी' हा शब्दही राहिला. इतर घरांतल्या मुली शुक्रवारी वडे तळतच राहिल्या. मी पत्रकात मागितलं असतं त्यातला दहावा हिस्साही मिळाला नाही. काका निवृत्त होऊन डोंबिवलीला गेले, अल्माझ दुसऱ्या कोणाच्या घरी गेली. तिथं शुक्रवार मिळतो का, मला कळलेलं नाही.

जाताना काकांनी तो रिमोट मला दिला, पिशवीसकट. माझ्याकडे व्हीसीआर नाही. कधीतरी शुक्रवारी सकाळी तो हातात घेऊन बसते. पिशवीवर अजून वड्यांच्या तेलाचे डाग आहेत, आणि पिशवीतूनच दाबून दाबून फास्ट फॉरवर्डचं बटण इतकं झिजलंय की त्यावरचे बाण दिसत नाहीत. शेजारचं थांबवायचं बटण मात्र कोरं आहे. ते काकांनी एकदाच दाबलं होतं.