सेमिसीच्या हनुवटीवरचा व्रण

नुकुआलोफा या बेटावरच्या गावात कुणी वारलं की घरचे आधी पाद्रीबुवांकडे जात आणि तिथून थेट लेसिएलीकडे. कुंपणावर लावायचा फ्लेक्स तीच करायची. गेलेल्या माणसाला लग्नाच्या घोळक्यातून अलगद कापून काढायचं, मळक्या शर्टावर कोट चढवायचा, मागे निळं आभाळ घालायचं; संगणकावरच्या या कामात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

मग तिचा बापच गेला. सेमिसी. नारळ फोडताना कोयता निसटून तरुणपणीच त्याची हनुवटी फाटली होती. फोटो म्हटला की हा गडी हात हनुवटीवर नेणार. हात खाली, खदखदून हसतोय, असा फोटो अख्ख्या जन्मात एकच. लेसिएलीने तो स्कॅन केला, तोच विका आत्या मागे येऊन उभी राहिली.

"हे काय गं? माझ्या भावाला असा फाटक्या तोंडाने कुंपणावर टांगणार?"

"आत्या, बाबा असेच होते."

"मला शिकवू नकोस. पूस ते!"

बापाच्या थोरल्या बहिणीला नाही म्हणायचं नसतं. मयताच्या घरात तर नाहीच नाही. लेसिएलीने ब्रश फिरवला, व्रण गेला. तोंड फ्लेक्सवरच्या नावाकडे वळावं म्हणून फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटाही केला. संगणक जुनाट, जागा कायम भरलेली, त्यामुळे सवयीने त्याच फाइलवर सेव्ह केलं. कागदावरचा फोटो आहेच की, असं तिला वाटलं. सकाळी आत्याने तो भावाच्या छातीवर ठेवला आणि पेटी बंद केली. लेसिएलीला कळलं तेव्हा वर माती पडली होती.

वर्ष झालं. प्रार्थनेसाठी नवा फ्लेक्स हवा होता. या वेळी बाप होता तसाच लावायचा, आत्याला काय आदळआपट करायची ती करू दे, असं ठरवून ती व्रण पुन्हा रेखाटायला बसली. डावीकडे काढला, तर चिकटवल्यासारखा दिसे. उजवीकडे काढला, तर माणूसच परका वाटे. गावभरचे चेहरे सुधारणाऱ्या बाईला स्वतःच्या बापाचा चेहरा जमेना. तिला रडू फुटलं, स्वतःचीच चीड आली.

शेवटी तिने आईला हाक मारली. थंडीत तो व्रण ओढायचा, तेव्हा आईच त्यावर खोबरेल चोळायची.

"आई, बाबांचा व्रण कुठल्या बाजूला होता गं?"

आईने बोटं उचलली, हवेतच इकडे नेली, तिकडे नेली, आणि ती उठली.

"थांब हं, बघून सांगते," म्हणाली, आणि बाहेर कुंपणावर वर्षभर टांगलेल्या त्या जुन्या फ्लेक्ससमोर जाऊन उभी राहिली.